हँडलला बांधलेला दोर: एका सोळा फुटी कनूचे प्रकरण

बोट: १६ फुटी, दोघांनी वल्हवायची उघडी कनू. तीन थरांच्या पॉलिथिलीनची, वजन ३८ किलो. दोन्ही टोकांना रिव्हेट मारलेली प्लास्टिकची झाकणे आणि त्या झाकणांवर उचलायची हँडले. पाणी: कोलाडच्या वरची कुंडलिका, आणि रोह्याखाली खाडी झालेली तीच नदी. दोर: दोन्ही हँडलांना बांधलेली बारा-बारा फुटांची, ६ मिमी जाडीची दोरी. मोकळ्या टोकाला हाताला पकड यावी म्हणून फास. अशा बोटींवर पुन्हापुन्हा दिसणारे दोष इथे एकाच बोटीवर एकत्र मांडले आहेत. नदीकाठच्या कुठल्याही शेडमध्ये पालथ्या घातलेल्या कनू उचलून पाहिल्या तर यांतला एखादा तरी सापडतोच.

कनूच्या पुढच्या आणि मागच्या दोराला नावाड्यांच्या इंग्रजीत पेंटर म्हणतात, रंगाशी त्याचा काही संबंध नाही. हे दोर चार कामांना लागतात. काठाला बोट बांधणे, उलटलेली बोट पोहत किंवा दुसऱ्या बोटीने ओढून आणणे, अवघड टप्प्यात माणसे उतरवून बोट काठावरून दोरांवर खाली सोडणे, आणि तशीच काठाने चालत प्रवाहाविरुद्ध वर ओढणे. पहिल्या कामाला कसलीही दोरी चालते, म्हणूनच बहुतेक बोटींवर कसलीही दोरी असते. खरी परीक्षा तिसऱ्या कामात होते.

घोळ कसा झाला

कुंडलिकेचे पाणी पावसाळा सोडला तर बहुतांशी वीजगृहाचे. मुळशीच्या जलाशयातले पाणी घाटाखाली भिरा येथील वीजगृहात पडते, ते वीजगृह १९२७ पासून चालू आहे, आणि तिथून सुटलेले पाणी नदीत येते. वीजनिर्मिती चालू तोवर नदीला जोर, बंद झाली की पाणी ओसरते. जोर असताना खडकाळ टप्प्यात दोघांनी उतरून बोट दोरांवर खाली सोडायचे ठरवले. निर्णय बरोबर होता. बोटीची नाळ, म्हणजे पुढची धार, प्रवाहाच्या खालच्या अंगाला. पिछाडी वरच्या अंगाला. एकाच्या हातात पुढचा दोर, दुसऱ्याच्या हातात मागचा. बोटीत माणूस नाही, चाळीसेक किलो सामान.

बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. त्यातला फूटभर हँडलच्या गाठीत आणि टोकाच्या फासात गेलेला. काठावर एक मोठा धोंडा आडवा आला. त्याला वळसा घालायला मागच्या माणसाला आणखी दोन मीटर दोर हवा होता आणि तो नव्हता. एकतर पाण्यात उतरायचे, नाहीतर दोर सोडायचा. त्याने सोडला, आणि स्वतःपुरते त्याने बरोबरच केले. खालच्या माणसाने मात्र जे कोणीही घाबरून करेल तेच केले: पुढचा दोर होता नव्हता तेवढा जोर लावून धरून ठेवला.

बोट हातची गेली ती तिथे. खालचे टोक धरलेले आणि वरचे मोकळे, अशी बोट प्रवाहात सरळ राहूच शकत नाही. पिछाडी मुख्य धारेकडे फिरली, बोट आडवी झाली, बोटीचा प्रवाहाकडचा काठ, म्हणजे वरची कड, दबला आणि काही सेकंदांत बोट भरली. भरलेल्या बोटीच्या ओढीने पुढचे झाकण हँडलसकट उचकटले. चारही रिव्हेट शाबूत होते, फाटले ते प्लास्टिक. मोकळी बोट पंधरा-वीस मीटर वाहत गेली आणि मागच्या दोराचा तो सोयीचा फास दोन दगडांच्या फटीत अडकून थांबली, नेमकी अशा जागी की कोणाला पोचता येईना. वीजगृहाचे पाणी ओसरल्यावर सुरीने दोर कापून ती सोडवावी लागली. इजा कोणाला झाली नाही.

वापरातली चूक एका ओळीत सांगता येते: अडचण आली की खालच्या अंगाचा दोर सोडायचा, वरच्या अंगाचा धरायचा. वरच्या टोकावर लटकलेली बोट वाऱ्यातल्या पताकेसारखी आपोआप प्रवाहाला समांतर होते आणि काठाला येऊन लागते. पण हे पाळायला वरच्या माणसाच्या हातात पुरेसा दोर हवा. म्हणजे वापरातल्या चुकीच्या मागे बसवणीतलीच चूक होती.

दोर निघतो कुठून

या बोटीचे हँडल तळापासून ५२ सेमी उंचीवर. माणसे उतरलेली असताना बोट पाण्यात बुडते जेमतेम ५ सेमी. प्रवाहाचा रेटा त्या पाच सेंटिमीटरवर, म्हणजे सरासरी तळापासून अडीच सेंटिमीटरवर लागतो. दोराची ओढ लागते ५२ वर. बोट आडवी असेल तर खालचा रेटा तळ पुढे ढकलतो आणि वरची ओढ माथा मागे खेचते. दोन्ही मिळून बोट प्रवाहाकडे कलंडते. दोघांमधले अंतर साडेएकोणपन्नास सेंटिमीटर. दोर जर तळापासून १८ सेमीवरून निघाला तर हे अंतर साडेपंधरा राहते. तीच ओढ, तेच पाणी, पण कलंडवणारा जोर एक-तृतीयांशाहून कमी.

दोर कितीही भारी आणला तरी यात फरक पडत नाही. उलट भारी दोर उंच जागी बांधला तर बोट जास्त खात्रीने उलटेल, कारण तो तुटणार नाही.

बोट भरल्यावर काय होते तेही मापून पाहावे. आडवी अडकलेली बोट पाण्याला साधारण १.७ चौरस मीटरची भिंत दाखवते. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालीइतका असेल तर तिच्यावर सुमारे ९५ किलो वजनाइतका जोर येतो. वेग २ मीटर झाला की ३८० किलो. ३ मीटरला ८५० च्या पुढे. वेग दुप्पट की जोर चौपट, हा हिशेब लक्षात असला की काठावरच्या एका माणसाने भरलेली आडवी बोट धरून ठेवायची कल्पना सोडून देता येते. ४.८ मिमीच्या अल्युमिनियम रिव्हेटांनी तीन-चार मिलिमीटर प्लास्टिकला पकडलेले झाकण या जोरापुढे टिकेल अशी अपेक्षाच चूक. ते झाकण बोट उचलून गाडीवर ठेवण्यासाठी आहे.

बादलीची परीक्षा

जुनी दोरी दुकानात नायलॉन म्हणून घेतलेली होती. हार्डवेअरच्या दुकानात रंगीत चकचकीत दिसणाऱ्या प्रत्येक दोरीला नायलॉन म्हणायची पद्धत आहे, मग ती पॉलिप्रॉपिलीनची असो की पॉलिथिलीनची. इथे फरक जिवाशी येतो. पॉलिप्रॉपिलीनची घनता ०.९१, म्हणून ते तरंगते. नायलॉन १.१४ आणि पॉलिस्टर १.३८, ही दोन्ही बुडतात. बुडणारा दोर दगडांत गुंततो, पोहणाऱ्याच्या पायात येतो आणि हवा तेव्हा दिसत नाही. दुकानदाराशी वाद घालू नये. वीतभर तुकडा मागून बादलीत टाकावा, पाण्याखाली दाबून सोडावा. वर आला तर घ्यावा. (कोकणातल्या जुन्या होड्यांवरचा काथ्याचा दोरही तरंगायचाच. तो खरखरीत आणि ताकदीने कमी, पण हा एक गुण त्याच्यात होता.)

जाडी १० मिमी घेतली. ताकदीसाठी ८ मिमीही पुरते, नवा ८ मिमी पॉलिप्रॉपिलीन दोर टनभराच्या आसपास ताण सोसतो. पण ओला, ताणलेला ८ मिमी दोर तळव्यात रुततो, ६ मिमीचा तर कापतोच. १० मिमीवर मूठ बसते. पिळाचा नव्हे तर विणलेला घेतला, कारण पिळाचा दोर गुंडाळी सुटताना वेटोळी घालतो. त्यातही केसासारख्या बारीक तंतूंचा मऊ दोर हवा. जाड, ताठ तंतूंचा दोर गाठ धरत नाही.

लांबी प्रत्येकी ६ मीटर. बोटीच्या लांबीहून थोडी जास्त, म्हणजे पुढचा दोर धरून मागच्या टोकाशी उभे राहता येते. कायमचा दोर याहून लांब ठेवला तर तो नीट मावत नाही आणि नको तिथे सुटतो. बोट दोरांवर सोडायची वेळ आली तर १५ मीटरचे वेगळे दोर पिशवीतून काढून बांधायचे, हे ठरवून टाकले. पुढचा दोर पिवळा, मागचा तांबडा. खळाळाच्या आवाजात ‘पुढचा सोड, मागचा धर’ कोणाला कळत नाही, त्यातून बोट उलटी फिरली असेल तर पुढचा कोणता यावरच वाद. ‘पिवळा सोड’ एवढे ऐकू येते.

भोके कुठे पाडायची

दोर खालून काढायला टोकांशी बोटीच्या दोन्ही भिंतींतून आरपार नळी घालायची, तिच्यासाठी ही भोके. सगळ्या कामातला हा सर्वांत महत्त्वाचा अर्धा तास. बोट संथ पाण्यात सोडून दोघे बसले, नेहमीचे सामान भरले, आणि तिसऱ्याने कमरेइतक्या पाण्यात उभे राहून दोन्ही टोकांशी, दोन्ही बाजूंना, पाण्याच्या रेषेवर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी लावली. ओल्या प्लास्टिकवर पट्टी धरत नाही, आधी फडक्याने पुसून घ्यावे लागते. भरलेल्या बोटीची रेषा तळापासून १२ सेमीवर आली. तिच्या ६ सेमी वर, म्हणजे १८ सेमीवर, भोकाचा मध्य. याहून खाली गेले तर लाटेगणिक नळीच्या सांध्यावर पाणी येते, वर गेले तर वरचा सगळा हिशेब बिघडतो.

नाळेपासून मागे किती यायचे ते आतल्या रुंदीवरून ठरवावे. या बोटीत नाळेपासून २८ सेमीवर दोन बाजूंमध्ये १२ सेमी अंतर मिळाले. फार पुढे गेले तर आत ड्रिल फिरवायला जागा राहत नाही. फार मागे आले तर दोराचा फास लांबलचक होतो.

पहिल्या खेपेला इथेच चूक झाली. उजवीकडचे माप तळापासून घेतले आणि डावीकडचे बोटीच्या काठापासून खाली मोजले. काठ दोन्हीकडे सारखा असेल हे गृहीत धरलेले. ऊन खाल्लेल्या पॉलिथिलीनच्या बोटीचा काठ सारखा नसतो. दोन खुणांत १२ मिमीचा फरक निघाला. नशिबाने तो भोक पाडण्यापूर्वी दिसला, कारण खुणांमधून आरपार धरलेली सायकलची आरी (स्पोक) आडवी दिसेना. आरी किंवा सरळ तार आरपार धरून लांबून पाहणे ही फुकटातली तपासणी आहे, ती चुकवू नये.

गोंद का नाही

बोटीच्या भिंतीतून आरपार पीव्हीसी नळी घालायची आणि तिच्यातून दोर न्यायचा, ही पद्धत जुनी आणि चांगली. फायबरग्लासच्या बोटीत नळीभोवती इपॉक्सी भरले की काम संपते. पॉलिथिलीनला इपॉक्सी धरत नाही. गच्चीवरची पाण्याची काळी टाकी याच जातीच्या प्लास्टिकची, याच फिरत्या साच्यात घडवलेली. तिला भोक पडले तर कुठलाही प्लंबर गोंद लावत बसत नाही, वायसर आणि चाकीवाला टँक निपल बसवतो. मग इथेही टँक निपलच का नाही? विचार झाला आणि सोडून दिला. टोकाशी बोटीच्या दोन्ही भिंती तिरप्या येतात, त्यामुळे निपलची चकती एका कडेला टेकते आणि दुसऱ्या कडेला उघडी राहते. शिवाय तिचे षटकोनी डोके सेंटिमीटरभर बाहेर राहते, आणि दगडाला घासत जाणाऱ्या बोटीवर बाहेर राहिलेली प्रत्येक गोष्ट एक दिवस तुटते.

म्हणून अर्धा इंची यूपीव्हीसी नळी, बाहेरचा व्यास २१.३ मिमी, दोन्ही तोंडे फुलवून. क्रम असा ठेवला. आधी ४ मिमीचे भोक दोन्ही बाजूंना वेगवेगळे, बाहेरून आत. एका बाजूने घुसवून दुसरीकडे काढू नये, ड्रिल कललेच समजा. मग स्टेप बिटने, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी जाड होत जाणाऱ्या ड्रिलने, २० मिमीपर्यंत, हळू गतीने, कारण वेगाने फिरवले तर पॉलिथिलीन कापले जाण्याऐवजी वितळून बिटला गुंडाळते. शेवटचा मिलिमीटर गोल कानशीने, तिरप्या भिंतीत नळी आडवी बसेल अशा बेताने भोक किंचित लंबगोल करत. नळी ठोकून बसवावी लागली पाहिजे, सहज सरकली तर भोक मोठे झाले. टोकाच्या पोकळीत फोमचा ठोकळा असेल तर तो काढू नये, त्याच्यातूनच लांब बिटने वाट करावी. बोट भरल्यावर ती तरंगती ठेवणारा तोच असतो.

नळी दोन्ही बाजूंना ८ मिमी बाहेर ठेवून कापली. मग हॉट एअर गनने तोंड गरम करून, काचेच्या बाटलीचा निमुळता गळा आत दाबून फुलवले. घराघरांत पाइप टाकणारे इलेक्ट्रिशियन नळीला नळी जोडताना हेच करतात, फक्त ते लायटर वापरतात. पीव्हीसी ८० अंशांच्या आसपास मऊ पडते आणि पॉलिथिलीन १२५-१३० ला वितळते. मधल्या अंतरात काम उरकायचे, आणि बोटीच्या अंगावर ओले फडके लावून ठेवायचे. फुललेले तोंड भिंतीवर दाबून बसले की नळी कुठेच सरकत नाही. फटीत पॉलियुरेथेन सीलंटची बारीक रेघ दिली. ती पकडीसाठी नाही, शिंतोड्यांसाठी आहे, आणि दर वर्षी ती उकलणार हे धरूनच चालावे. तोंडाची आतली कड आधी कानशीने, मग ४०० नंबरच्या पॉलिश पेपरने इतकी गुळगुळीत केली की कापसाचा बोळा फिरवला तरी धागा अडकू नये. दोर तुटतो तो इथेच, मधे कधी तुटत नाही.

फास आणि गाठी

नळीतून जाणारा कायमचा फास वेगळ्या दोराचा: १० मिमी पॉलिस्टर, तरंगण्याची गरज नाही कारण तो बोटीलाच असतो, घर्षण मात्र त्याने सोसले पाहिजे. दोर नळीतून आरपार, नाळेला पुढून वळसा, आणि बाजूला दोन टोके जोडणारी डबल फिशरमनची गाठ. लांबीचा हिशेब: नळीत १२ सेमी, दोन्ही बाजूंना २८-२८, नाळेपुढची सैल जागा ८, गाठीला ४५. एकूण १२१ सेमी. तुकडा १२५ चा कापला.

ती सैल जागा किती असावी यावर मत ठाम हवे. चार बोटे जातील इतकीच. अख्खा पंजा मनगटापर्यंत जाईल असा मोठा फास दिसायला सोयीचा, पण उलटलेली बोट प्रवाहात गोल फिरली की फासाला पीळ पडतो आणि हात आत अडकतो. या कारणाने मोठे फास काढून टाकण्यासारखे आहेत, मग बोट कोणाचीही असो.

फासाला दोर बांधायला बोलाइन, म्हणजे न आवळणारा फास देणारी आणि ताणानंतरही सुटणारी गाठ. आठची गाठ अधिक भरवशाची, कडे चढणारी मंडळी तीच सांगतील, पण ओल्या ताणानंतर ती दगड होते आणि इथे १५ मीटरचा दोर लावायला गाठ सुटावी लागते. पॉलिप्रॉपिलीन निसरडे असते, मोकळ्या दोराला हिसके बसत राहिले की बोलाइन हळूहळू ढिली पडते. म्हणून शेपूट १५ सेमी ठेवून तिने मूळ दोराभोवती दुहेरी वेढ्याची आधारगाठ मारली. कॅरॅबिनर, म्हणजे उघडझाप होणारी धातूची कडी, लावला नाही. तो बोटीच्या अंगावर आपटत राहतो, आणि साध्या तोंडाचा कॅरॅबिनर येईल त्याला पकडतो, लाइफ जॅकेटचा पट्टासुद्धा.

मोकळ्या टोकाला काही नाही. ना गाठ, ना फास, ना लाकडी मणी. टोक गरम सुरीने कापले, आणि वितळलेला कंगोरा तळव्याला कापू नये म्हणून गरम असतानाच ओल्या फडक्यात फिरवून निमुळता केला. वर चांभारी मेणदोऱ्याने १५ मिमी रुंद वेढे घट्ट घेतले. हे टोक मुठीतून सुळकन निसटते, अशी तक्रार येते. निसटायलाच हवे.

दोर ठेवायचा कसा

उघड्या कनूत तळाशी पडलेला सैल दोर हा बोट उलटल्यावर पायात येणारा पहिला पदार्थ. दोर एकतर हातात, नाहीतर झाकणावर आवळलेला. झाकणात चार भोके पाडून ६ मिमीच्या इलॅस्टिक दोरीचे दोन आडवे पट्टे दिले, गाठी झाकणाच्या खाली. स्कूटरच्या कॅरिअरची हुकवाली इलॅस्टिक इथे नको, हुक सुटला तर डोळ्याशी येतो.

घडी बोटीकडच्या टोकापासून सुरू करायची. साधारण वीतभर मागे, वीतभर पुढे, अशी नागमोडी, शेवटचे मोकळे टोक दहा सेंटिमीटर बाहेर. कोपर-अंगठ्यावर गुंडाळी केली तर प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो आणि ओढल्यावर दोराचा गुंता हातात येतो. इलॅस्टिक सुरुवातीला इतके आवळले होते की एका हाताने टोक ओढले तर दोर न सुटता बोटच फिरायची. दोनदा सैल केल्यावर बेत जमला: बोट पालथी करून हलवली तर दोर पडू नये, आणि पाण्यात पोहणाऱ्याने एका हिसक्यात ओढला तर पूर्ण सुटावा. दोन्ही अटी उथळ पाण्यात बोट उलटवूनच तपासाव्या लागतात. अंगणात दोर बरोबरच सुटतो.

पाण्यावरची तपासणी

आधी कोरडी. बोट झाडाला मागच्या फासाने बांधून पुढच्या फासाला दोघांनी पूर्ण अंगाने ओढले. नळीशी भिंत फुगते का, तोंड आत सरकते का, एवढेच पाहायचे. मग सेकंदाला मीटरभर वेगाच्या, मांडीइतक्या पाण्यात, रिकामी बोट मुद्दाम आडवी केली आणि खालच्या अंगाच्याच दोराने धरली, म्हणजे मूळ चूक पुन्हा केली. बोट कलली, पण प्रवाहाकडचा काठ पाण्याच्या वर राहिला. हँडलला बांधलेल्या दोराने तीच कृती केल्यावर काठ लगेच पाण्याला टेकला. दोन्ही कृती पाठोपाठ केल्याने नव्या माणसालाही भोके खाली का पाडली ते सांगावे लागले नाही.

त्याच पाण्यात १५ मीटरच्या दोरांनी सराव झाला. बोट काठापासून दूर न्यायची तर वरच्या अंगाचा दोर थोडा सैल करायचा. वरचे टोक धारेकडे वळते, पाणी बोटीच्या नदीकाठाकडच्या अंगावर आपटते आणि तिला बाहेर ढकलते. जवळ आणायची तर वरचा ओढायचा. वरचे टोक वीस-पंचवीस अंशांपलीकडे बाहेर जाऊ दिले तर मात्र बोट आडवी होणारच, दोर कुठूनही निघत असो. हाताला किंवा कमरेला दोर गुंडाळणाऱ्याला त्या दिवशी पुढे सरावात घ्यायचे नाही, हा नियमही तिथेच केला.

खाडीत

रोह्याखाली प्रश्न वेगळा. भरती ते ओहोटी सहा तास आणि थोडी मिनिटे, उधाणाच्या दिवसांत खाडीच्या मुखाकडे पातळीत तीन मीटरहून जास्त फरक. ओहोटीला आखूड बांधलेल्या कनूची नाळ भरतीला पाण्यात ओढली जाते. पुऱ्या भरतीला धक्क्याला आखूड बांधली तर ती ओहोटीला लटकते, आणि आता दोर खालून निघत असल्याने ती आधीपेक्षा लवकर लटकते. खालच्या भोकाचा हा एक तोटा मान्य करावा लागतो. इलाज लांबीत आहे. ६ मीटरचा पूर्ण दोर सोडला तर ३ मीटर पातळी उतरल्यावरही बोट धक्क्यापासून पाच मीटरपर्यंत तरंगू शकते. ४ मीटरच सोडला तर अडीच मीटरच. त्यामुळे खाडीत बांधताना दोर वाचवायचा नाही, आणि दुसऱ्या टोकाचा दोर खांबाला न बांधता झाकणावरच आवळलेला ठेवायचा.

गाडीच्या टपावर बोट बांधायला हे दोर वापरलेच नाहीत. निसरडा दोर आवळगाठीत सरकतो. टपावर पट्टे वेगळे, आणि पुढचे-मागचे आधारदोर नव्या फासांनाच पण पॉलिस्टरचे. निघण्यापूर्वी झाकणावरचा दोर पट्ट्याखाली आहे ना हे हात लावून पाहावे. सुटलेले टोक चाकाखाली गेले तर बोट टपावरून खेचली जाते.

वर्षभरानंतर

नळीभोवतीचे सीलंट अपेक्षेप्रमाणे उकलले, खरवडून नवे भरले. उजव्या तोंडाशी पुढच्या फासाचे बाहेरचे धागे पिंजारले होते. कारण शोधल्यावर तोंडाच्या कडेला नखाला जाणवेल एवढी चीर सापडली, बहुधा दगडाची. चीर घासून फास दोन-तीन सेंटिमीटर सरकवला, म्हणजे झिजलेली जागा नळीच्या आत गेली. आतली विण दिसू लागेल त्या दिवशी फास बदलायचा.

पॉलिप्रॉपिलीनचे दुखणे ऊन. दोर मुठीतून ओढल्यावर तळव्यावर रंगाची पूड राहू लागली की त्याची ताकद गेलीच असे समजावे, बाहेरून तो शाबूत दिसत असला तरी. तांबडा दोर पिवळ्याच्या आधी असा झाला, कारण शेडमध्ये बोट ज्या दिशेने ठेवली जाते तिकडून दुपारचे ऊन पिछाडीवर पडते. नवा दोर तांबडाच आणला, ६ मीटर, आणि दुकानातच तुकडा बादलीत टाकून पाहिला. त्याच दुकानातून, त्याच रंगाची आधी आणलेली एक गुंडाळी बुडणारी निघाली होती.